शेवटची दोन कामं

अकोल्याच्या जठारपेठेत घर मिळावं म्हणून मी अमरावतीचं घर सहा वेळा सारवून दिलं, असं आमच्या नात्यात अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. सारवलं दोनदाच, आणि तेही मी नाही, कौशल्येनं. मी बादली धरली होती.

साल छत्तीस की सदतीस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला होतं. नागपूरहून एक कागद निघायचा आणि वऱ्हाडातल्या एखाद्या कारकुनाचं बिऱ्हाड हलायचं. माझा कागद कार्तिकात निघाला. अमुक मंगळवारी सकाळी अकोल्याच्या कचेरीत हजर व्हावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. राहायचं कुठं, हे लिहायची सरकारला गरज वाटली नव्हती.

घर सापडलं ते योगायोगानं. अमरावतीला भाजीबाजारामागं आम्ही ज्यांच्या घरात सहा वर्षं राहिलो ते खुशालराव, भाजीचे मळेवाले. त्यांची मुलगी अकोल्याला दिलेली. तिचे सासरे भगवंतराव यांचं जठारपेठेत दोन खोल्यांचं घर रिकामं होतं आणि घराच्या अंगणात विहीर होती. गोड्या पाण्याची. हे ज्याला साधं वाटतं तो आमच्या भागातला नाही. माझी बायको कौशल्या दर्यापूरकडची. तिकडं विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अकोल्यातही बऱ्याच विहिरींची तीच तऱ्हा. अमरावतीला येऊन तिला सहा वर्षं गोडं पाणी मिळालं होतं, आणि पुन्हा मचूळ पाण्यात वरण शिजवत बसायची तिची तयारी नव्हती. विहीर ऐकूनच तिनं घर पसंत केलं. खोल्या किती, हे नंतर विचारलं.

भगवंतरावांची अट एकच होती. त्यांचा आधीचा भाडेकरू निघून गेला तो चुलीची राख कोनाड्यात भरून. तेव्हापासून त्यांचा भाडेकरू जातीवर विश्वास उरला नव्हता. त्यांनी कळवलं : ‘आमच्या व्याह्यांची चिठ्ठी आणावी की माणसानं त्यांचं घर स्वच्छ करून सोडलं. चिठ्ठी असेल तर किल्ली मिळेल. सोमवारी दिवेलागणीपर्यंत आला नाहीत, तर दुसरं माणूस तयार आहे.’

म्हणजे आमच्या वरणाचं भवितव्य खुशालरावांच्या एका सहीवर आलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा आतल्या खोलीत कांदे होते. होते म्हणण्यापेक्षा राहत होते म्हणावं. काहींना चांगली हातभर पात फुटली होती. कौशल्येनं ते उपसले, घुशीची बिळं बुजवली, भिंती खरवडल्या. तीन महिने आमच्या चहाला कांद्याचा वास यायचा. पाहुणे कप नाकाशी नेऊन विचारात पडायचे. त्या वेळी कोणी कोणाकडं चिठ्ठी मागितली नव्हती.

निघायच्या आठ दिवस आधी खुशालरावांच्या पत्नी मनकर्णाबाई पाहणीला आल्या. अंगानं बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी चुलीमागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते कौशल्येच्या डोळ्यांपुढं धरलं.

“हे काय वो, कौशल्याबाई?”

“धुवारा हाय, माय. चूल जळते तिथं धूर होते.”

“आमची भित पांढरी होती.”

“तुमची भित कांद्याच्या ढिगामांगं होती. आमाले कुठं दिसली?”

“ते जाऊ द्या. आता दिसून राहिली ना? मंग पांढरी दिसली पाहिजे.”

पुढं त्या आढ्याखालची जाळी, मोरीच्या दगडावरचं शेवाळ, उंबऱ्यावरचे रांगोळीचे डाग असं करत करत एका खिळ्यापाशी थांबल्या.

“हा खिळा कोनाचा?”

“तुमचाच,” कौशल्या म्हणाली.

“आमचा नाई.”

“नसन तं काढून टाकतो.”

“काढसान तं भोक पडन.”

त्या खिळ्याचं शेवटी असं झालं की आम्ही तो काढला नाही आणि ठेवलाही नाही. ठोकून पुरता आत घातला आणि वरून माती लिंपली. भिंतीत तो अजून असेल.

पाहणी संपली ती आतल्या खोलीत, समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याशी. तिथं आमचे देव होते. पितळेचे, बोटाएवढे, माझ्या आजीच्या सासूपासून चालत आलेले. कोनाड्याला दिव्याचं तेल लागून लागून तळाशी काळा पट्टा पडला होता.

“हे तेल?”

“देवाचं हाय, माय.”

“देव तुमचे. कोनाडा आमचा.”

इतकं बोलून त्या गेल्या. त्या दिवशीच्या भाकरी फार पातळ झाल्या होत्या. थापताना कौशल्येचा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

“तुमी काही बोलत काहून नाई?” तिनं मला विचारलं.

“काय बोलू? चिठ्ठी त्याईच्या हातात हाय.”

“अन् तोंड कोनाच्या हातात हाय?”

माझ्या तोंडात भाकर होती.

चिठ्ठीचं म्हणाल तर ती खुशालरावांनी मलाच लिहायला लावली. “तुमी कचेरीत तेच तं करता, बाबू. लिवा. मी सही करतो.” स्वतःच्या स्वच्छतेचा दाखला स्वतःच लिहायचा, ही अवघड जागा असते. फार लिहावं तर लाज वाटते आणि कमी लिहावं तर विहीर जाते. मी लिहिलं : ‘भाडेकरू शेषराव यांनी घर झाडून, पोतारून व सारवून, जमिनीवर डाग अगर ठसा न ठेवता आमचे ताब्यात दिले.’ यातलं ‘डाग अगर ठसा’ मागायला कोणी आलं नव्हतं. पण कचेरीत वीस वर्षं काढलेला हात. एक शब्द पुरतो तिथं त्याच्याकडून दोन पडतात.

रविवारी भिंती झाल्या. गावच्या गढीची पांढरी माती मी मुद्दाम मागवली होती. ती भिजवून कौशल्येनं दोन्ही खोल्या पोतारल्या, कोनाड्याचा पट्टासुद्धा घालवला. सोमवारी उजाडताच रामराव बंडी घेऊन दारात आला. रामरावाचं बोलणं थोडं आणि तक्रारीचं. “दहाच्या गाडीले सामान पोचवतो अन् मंग मले जिनात कापूस न्यायचा हाय,” हे त्यानं बैल सोडायच्या आधी सांगितलं, आणि सामान भरताना पुन्हा दोनदा सांगितलं. आठाच्या सुमाराला घर रिकामं झालं. राहिले होते फक्त देव. आमच्याकडची रीत अशी, की बिऱ्हाड हलताना देव शेवटी उचलायचे. त्यांनी आधी सगळ्यांना दाराबाहेर घालवावं आणि मग स्वतः निघावं. नव्या घरात मात्र देव पहिले आत, माणसं मागून. कौशल्येनं देव लाल खणात गुंडाळले, पुढं शेवटचा दिवा लावला आणि पदर खोचून सारवायला बसली.

सारवण झालं. ती हात धुवायला मागच्या अंगाला गेली, मी बादली विसळत होतो, तेवढ्यात खुशालराव पाहणीला आले. थेट मळ्यातून. तिथं मोट चालू होती. माणूस रीतीभातीचा; उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या. पण मळ्यात ते अनवाणीच हिंडत आणि चपला फक्त रस्त्यापुरत्या घालत. त्यामुळं चपला स्वच्छ होत्या आणि पायांना काळ्या मातीचे दोन बूट चढलेले होते. ते तसेच आत गेले. आतल्या खोलीत जाऊन देवांना नमस्कार केला, भिंती पाहिल्या, छत पाहिलं, परत आले आणि मग त्यांनी जमीन पाहिली.

“बाबू, हे पाय कोनाचे?”

“तुमचे, भाऊ.”

“माये?” त्यांनी एका ठशावर पाय ठेवून पाहिला. बरोबर बसला. “हो गा. मायेच दिसतात.”

कौशल्या पदराला हात पुसत आली. तिनं पाहिलं. अर्धा मळा आत गेला होता आणि उरलेला बाहेर आला होता.

“भाऊ, पाय धुवून आले असते तं?”

“मले काय मालूम सारवण ओलं हाय?”

“सारवण ओलंच असते! वाळलं का त्याले जमीन म्हनतात!”

“चिडू नोको, माय. पन बाबूनं चिठ्ठीत लिवलं हाय, डाग नाई अन् ठसा नाई. आता इथं ठसे हायेत. मी खोट्यावर सही करत नाई.”

“ठसे तुमचे हायेत!”

“चिठ्ठीत कोनाचे ते लिवलं नाई.”

हे मात्र खरं होतं. मी खाली पाहिलं.

सहा वर्षांपूर्वीचे सगळे कांदे त्या क्षणी कौशल्येच्या चेहऱ्यावर आले होते. मग तिनं बादली माझ्या हातात दिली. शेण संपलं होतं. मनकर्णाबाईंनी आपल्या गोठ्यातलं दिलं, आणि देताना म्हणाल्या, “दुसऱ्या डाव लागते म्हंजे पयल्या डाव बरोबर झालं नसन.”

रागानं सारवलेली जमीन फार गुळगुळीत होते. आतल्या खोलीच्या पार कोपऱ्यातून तिनं सुरुवात केली. हाताचा एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा, आणि गुडघ्यांवर एकेक वीत मागं. आतली खोली, मधला उंबरा, बाहेरची खोली, असं करत ती पाठमोरी दारातून बाहेर आली. माशीचाही पाय उमटलेला नव्हता. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली खुशालरावांच्या पंजात अशी ठेवली की त्यांनी हात मागं घेतला.

“आता करा सही.”

मी चिठ्ठी बंडीतल्या ट्रंकेवर पसरली. दौत उघडली. खुशालरावांना सही येत होती, पण ती ते पेरणीसारखी करत, एकेक दाणा टोचून. ‘खु’ झाला. ‘शा’ झाला. ‘ल’चं पहिलं गोल झालं.

“अवो,” कौशल्या म्हणाली. “देव?”

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. गजांतून बाहेरची खोली दिसत होती, मधल्या दारातून आतली खोली, आणि आतल्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीत कोनाडा. त्यात लाल खणाचं गाठोडं आणि पुढं तेवत असलेला दिवा. मध्ये अठरा हात ओली जमीन.

देव शेवटी उचलायचे हे आमचं ठरलेलं होतं. सारवण शेवटी करायचं हेही ठरलेलं होतं. शेवटच्या दोन कामांत आधी कोणतं, हे ठरवायचं तेवढं राहून गेलं होतं.

खुशालरावांनी लेखणी उचलून धरली. “आता आत जासान तं ठसा पडन, बाबू.”

“वाळायला किती वेळ?” मी विचारलं.

मनकर्णाबाईंनी आभाळाकडं पाहिलं. “दुपार ढळन.”

“गाडी काही सारवणासाठी थांबत नाई,” रामराव म्हणाला. “अन् मले जिनात—”

“कापूस न्यायचा हाय,” मी म्हणालो.

दहाची गाडी चुकली तर बडनेऱ्याची पुढची गाडी चुकत होती. ती चुकली तर अकोल्याची दिवेलागण चुकत होती. आणि दिवेलागणीला ते दुसरं माणूस विहिरीवर येऊन उभं राहणार होतं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. खुशालरावांना ते पटलं. मनानं माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची मदत महागात पडायची. “थांबा, युक्ती हाय,” म्हणून ते पळत गेले आणि शेवग्याच्या शेंगा उतरवायची लांब आकडी घेऊन आले. दोन बांबू एकावर एक बांधलेले, टोकाला लोखंडी वाकडा विळा. ती त्यांनी खिडकीतून आत सारली. मधल्या दारातून ती बरोबर पार झाली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. विळा गाठोड्याला टेकला.

पण खुशालरावांचा हात शेवग्यावर बसलेला. आकडी टेकली की मनगटाला पीळ द्यायचा, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पीळ दिला.

“अवो भाऊ!” कौशल्या ओरडली. “देव हायेत ते, शेंगा नाई!”

गाठोडं वाचलं, ते कोनाड्यात आणखी आत सरकलं. दिवा मात्र कलंडला, आणि तेलाची एक जाड रेघ पांढऱ्या भिंतीवरून सावकाश खाली उतरली. मनकर्णाबाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की रामरावाचे बैल चमकले.

“ही रेघ कोनाची, मनकर्णाबाई?” कौशल्येनं विचारलं. “आमी तं भाईर उभे हाओत.”

मनकर्णाबाईंनी उत्तर नवऱ्याकडं पाहून दिलं.

खुशालराव आकडी बाहेर ओढत म्हणाले, “असं करू. देव राहू द्या इथंच. आठ दिवसांनी मी पोरीले भेटाले अकोल्याले जातोच. टोपलीत भाजीवर ठेवून आनतो. जराक हलनार नाई.”

“भाजीवर!”

“वांगे नाई ठेवत. मेथीवर ठेवीन.”

“अन् तोवर नव्या घरच्या कोनाड्यात मी काय ठेवू? तुमची चिठ्ठी?”

मला खरं सांगितलं पाहिजे. माझ्या जिभेला त्या विहिरीचं पाणी लागलं होतं. मी हळूच म्हणालो की आठच दिवसांचा प्रश्न आहे आणि मेथी तशी मऊ असते. कौशल्येनं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं पाहिलं. बैलांनी मान वळवली.

“ठेवा ती चिठ्ठी,” ती खुशालरावांना म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “फाडा नाई तं चुलीत घाला. खारं पानी पेऊन मी लहानाची मोठी झाली, अकोल्यात बी पेईन. वरन नाई शिजलं तं कच्चं खाऊ. कांदे काढले मी तुमचे. घुशी काढल्या. तुमच्या पायाचा चिखल बी काढला, तुमी इचारलं कोनाचा हाय म्हनून. आता मायेच देव काढाले मी तुमाले इचारू काय? द्या किल्ली.”

खुशालरावांनी किल्ली दिली. त्या वेळी कोणीही दिली असती.

कौशल्येनं कुलूप काढलं, दार लोटलं. पण मनकर्णाबाई मध्ये येऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा आता पाहणीचा नव्हता. घाबरलेला होता.

“कौशल्याबाई, तुमच्या पाया पडते. डागाचं जाऊ द्या. पन ओल्या सारवणात भाईर जानारी पावलं नोका उठवू. बाईमानसाची, देव घेऊन, घरातून भाईर! माया घरची लक्ष्मी चालली गेल्यासारखं होते. ते वाळलं का तसंच राहते, माय. रोज मी कशी पाहू?”

“सकायी भाऊचे पाय नाई भाईर आले?”

“त्याईचं काय घेऊन बसल्या? त्याईच्या पायात कोन्ती लक्ष्मी हाय?”

खुशालरावांनी आपल्या पायांकडं पाहिलं.

कौशल्येनं ओल्या सारवणाकडं पाहिलं. “म्हंजे आत जानारी पावलं चालतात?”

“आत येनारी तं लक्ष्मीचीच. महालक्ष्म्याच्या दिवशी आपन काढतोच ना दारापासून आत.”

“ठीक हाय. बाजूले व्हा.”

तिनं बादलीतलं पाणी घेऊन पाय धुतले. खुशालरावांकडं पाहत धुतले, घोट्यापासून टाचेपर्यंत, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग लुगडं वर खोचून ती आत गेली. नाजूक, सारखी पावलं टाकत, सरळ रेषेत. कोनाड्यातलं गाठोडं उचललं, कपाळाला लावलं, ओटीत बांधलं. आणि वळली नाही. पाठमोरीच निघाली. उजवा पाय मागं, डावा पाय मागं, मागं न पाहता, मधला उंबरा पायानं चाचपून ओलांडत, जशी ती सकाळपासून दोनदा त्याच वाटेनं मागं मागं आली होती. तिला वाट पाठ झाली होती. दारातून बाहेर आली तेव्हा ओटीतले देव हललेही नव्हते.

जमिनीवर पावलांच्या दोन रांगा होत्या आणि दोन्ही आत चाललेल्या. नुसतं पाहणाऱ्याला वाटलं असतं की एक बाई दोनदा आत गेली आणि अजून आतच आहे.

मनकर्णाबाईंनी हात जोडले. मग लगबगीनं हळदकुंकू आणून उंबऱ्याजवळच्या पहिल्या पावलावर वाहिलं. आठ दिवस ज्यांना रांगोळीचा ठिपका खपत नव्हता त्या ओल्या सारवणात पायाचे तीस-चाळीस ठसे पाहून गहिवरल्या होत्या. तेलाच्या रेघेचं नावही निघालं नाही. निदान आमच्यासमोर.

“पन बाबू,” खुशालराव म्हणाले, “चिठ्ठीत तं लिवलं हाय, ठसा नाई म्हनून.”

“आता तुमी गप राहा हो!” मनकर्णाबाई म्हणाल्या.

पण ते गप राहणारे नव्हते, आणि खोट्यावर सही न करण्याचा त्यांचा नेम मला तोपर्यंत पाठ झाला होता. मी ‘ठसा’ या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं : ‘लक्ष्मीची पावले वगळता.’ खुशालरावांनी ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि सही पुढं चालू केली. ‘ल’चं दुसरं गोल झालं. रामराव बैल जुंपून हातात कासरा घेऊन उभा होता, आणि ‘राव’ पुरा होताच, शाई वाळायच्या आत, बंडी हलली.

गाडी मिळाली. बडनेऱ्याला बदलली तीही मिळाली. कौशल्या ओटीवर हात ठेवून खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

“तो खिळा आपलाच होता,” ती म्हणाली.

अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, पण दिवे लागले नव्हते. भगवंतराव अंगणात खाट टाकून बसलेले. भरघोस मिशा, नाकावर चष्मा. त्यांनी चिठ्ठी उजेडाकडं धरून वाचली, उलटी करून पाठ पाहिली, पुन्हा वाचली.

“लक्ष्मीची पावलं वगळता, म्हंजे?”

“ते विहीणबाईंनाच विचारा,” मी म्हणालो.

“असो. घर साफ करून सोडलं, हे मोठं. आपल्याले घान चालत नाई, बाबू. आधीच सांगून ठेवतो.” असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

आत सरकीचा सडा होता. त्यावर उंदरांच्या लेंड्या. कोपऱ्यात फाटकी पोती, आढ्यापासून लोंबणारी जाळी, आणि कोनाड्यात राख. ती जुन्या भाडेकरूची राख तशीच होती, काठोकाठ. पुरावा म्हणून राखून ठेवली असावी.

कौशल्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं पाहत होती. ओटीत देव. देव पहिले आत गेले पाहिजेत ही रीत. पण ठेवायचे कुठं? झाडू पहिला आत न्यावा तर रीत मोडते. सकाळी शेवटच्या दोन कामांनी जे केलं तेच आता पहिली दोन कामं करणार, असं मला दिसायला लागलं आणि मी बादल्या उचलून बाजूला झालो.

“भाऊ,” ती भगवंतरावांना गोड आवाजात म्हणाली, “जरा हात धुवा बरं.”

प्रसाद मिळणार असं वाटून त्यांनी विहिरीवर जाऊन हात धुतले आणि ओंजळ पुढं केली. तिनं ओंजळीत लाल खणाचं गाठोडं ठेवलं.

“देव हायेत. चार पिढ्यांचे. पयले हेच आत गेले पाहिजे. तुमी घेऊन चला.”

भगवंतराव संकोचून, पण मानानं आत गेले. खोलीच्या मध्यावर जाऊन थांबले. “कुठं ठेवू?”

“कुठंच नाई ठेवता येत. जमिनीवर घान हाय. कोनाड्यात राख हाय. अन् एकदा आत आलेले देव भाईर नेत नाई. तुमी असेच उभे राहा.”

आणि तिनं झाडू सोडला.

ती ज्या तऱ्हेनं झाडत होती ते मी सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. घाई म्हणून नाही. आधी छत, मग एकेक वासा, मग भिंती, आणि दर भिंतीनंतर थोडा विचार. सरकी, कोळिष्टकं आणि त्या ऐतिहासिक राखेचा एक ढग खोलीभर फिरत होता आणि त्याच्या मध्यभागी भगवंतराव ओंजळ छातीशी धरून उभे होते. त्यांना शिंक आली. नाक पुसायला हात मोकळा नव्हता. चष्मा घसरून मिशीवर आला.

“झालं का वो, बाई?”

“कोनाडा झाला. आता पोतारते. मंग सारवते.”

“सारवसान तं मी उभा कुठं राहू?”

“त्याची फिकीर नोका करू, भाऊ. तुमच्याभवताल सारवते. वाळलं का तुमी या भाईर. दुपारचं सारवण नाई हे, रातची थंडी हाय, थोडा टाइम लागन.”

भगवंतरावांनी ओंजळीवरून दाराकडं पाहिलं. दारात मी होतो.

“बाबू,” ते केविलवाण्या आवाजात म्हणाले, “जराक तुमी धरता काय?”

मी विहिरीवरून आलो होतो. पाणी खरंच गोड होतं. मी त्यांना माझ्या दोन्ही हातांतल्या भरलेल्या बादल्या दाखवल्या.